मळक्या बाजूची आई

सरकारी रुग्णालयाच्या अगदी मागे, जिथे औषधांचा वास संपतो आणि साबणाचा सुरू होतो, तिथे धुलाईघर होतं. वर पत्र्याचं उंच छप्पर, आत बारा महिने ओल. या धुलाईघराच्या बरोबर मधून एक भिंत गेलेली. भिंतीतच सहा मोठी यंत्रं बसवलेली आणि प्रत्येक यंत्राला दोन दारं, एक इकडून आणि एक तिकडून. इकडच्या दारातून मळक्या चादरी आत जायच्या, तिकडच्या दारातून धुतलेल्या बाहेर यायच्या. इकडच्या बाईने तिकडे पाय टाकायचा नाही. टाकायचाच झाला तर मधल्या मोरीत डोक्यावरून पाणी घ्यायचं, अंगावरचं सगळं बदलायचं आणि मगच जायचं. मळकी बाजू आणि स्वच्छ बाजू, अशी सरळ नावंच होती त्यांची.

गुंडीची आई अकरा वर्षं मळक्या बाजूला होती.

तिचं काम म्हणजे पिशव्या उघडणं. वॉर्डावॉर्डातून गाठोडी यायची. चादर उलगडायची, झटकायची आणि चुकून राहिलेलं काही आहे का बघायचं. सुया, कात्र्या, चमचे, थर्मामीटर. एकदा एक कवळी निघाली, तर ही बाई ती कवळी वाटीत घेऊन तीन वॉर्ड फिरली. शेवटी एका आजोबांनी ती तोंडात घालून बघितली आणि म्हणाले, "माझी आहे की नाही ठाऊक नाही बाई, पण बसतेय." ही गोष्ट ती इतक्या वेळा सांगायची, की स्वच्छ बाजूच्या इस्त्रीवाल्या मावशी भिंतीपलीकडून ओरडायच्या, "अगं, त्या आजोबांना आता तरी सोड!"

अशी हसणारी बाई होती ती. देवावर भार टाकायचा आणि हात चालू ठेवायचे, एवढंच तिला जमायचं, आणि ते चांगलं जमायचं.

घरी नवरा आणि एक मुलगी. नवऱ्याचं छोटंसं सलून, दोन खुर्च्यांचं. माणूस अखंड बडबड्या. गिऱ्हाइकाच्या डोक्यापेक्षा कानावर त्याचं काम जास्त चालतं, असं लोक म्हणायचे. मुलगी जन्मली तेव्हा इतकी लहान आणि गोल होती, की तो म्हणाला, "ही तर सदऱ्याची गुंडी." तेच नाव चिकटलं. पुढे तिने घरातल्या सगळ्या भांड्यांची झाकणं लपवायला सुरुवात केली तेव्हा तो म्हणे, "गुंडी कसली, गुंड आहे गुंड."

गुंडीला डाउन सिंड्रोम होता. जन्मतः हृदयाला छिद्र होतं, ते दोन वर्षांची असताना शिवलं. कानाने कमी ऐकू यायचं. आठव्या वर्षापर्यंत तिच्याजवळ एकूण बेचाळीस शब्द जमले होते. हे बेचाळीस शब्द कसे जमले, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

विशेष मुलांच्या शाळेत बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या गुंडीला समोरासमोर बसवायच्या, गुडघ्याला गुडघा. हातात चेंडू घ्यायच्या, तो आपल्या ओठांशेजारी धरायच्या आणि हळू म्हणायच्या, "चेंडू." गुंडी चेंडूकडे बघायची, मग ओठांकडे. असं पन्नास वेळा, शंभर वेळा, आठवडाभर. मग एके दिवशी गुंडीचे ओठ तसेच व्हायचे आणि आतून काहीतरी यायचं. 'पाणी' यायला सव्वा वर्ष लागलं होतं. ते आलं त्या दिवशी गुंडीने इतकं पाणी मागितलं, की रात्री अंथरूण ओलं झालं, आणि आईने ते हसत हसत बदललं.

"कानाने निम्मंच पोचतं हिला," बाई म्हणायच्या. "उरलेलं ही डोळ्यांनी ऐकते. आता दोन शब्द जोडायला लागली ना, की मला घोर नाही. 'पाणी दे', 'बाबा ये'. एकदा जोड बसला की पुढे मूल स्वतःच्या पायाने चालतं."

त्या जोडाची सगळे वाट बघत होते. नेमकी तेव्हाच साथ आली आणि सगळं बंद झालं.

शाळा बंद झाली. सलूनचं शटर खाली आलं. रस्त्यावर कुत्रं सुद्धा दबकत चालायचं. उघडं राहिलं ते रुग्णालय, आणि धुलाईघरात चादरींचे डोंगर लागले. आता साथीच्या वॉर्डातल्या पिशव्या वेगळ्या रंगाच्या यायच्या, दोन दोन गाठी मारलेल्या. त्या उघडायच्या मळक्या बाजूच्या बायकांनीच. त्यातली एक तिसऱ्या आठवड्यात आजारी पडली आणि परत आली नाही.

त्याच सुमाराला गुंडीच्या हृदयाची तपासणी होती. डॉक्टरांनी लांबूनच कागद बघितले आणि म्हणाले, "हिला फार जपा. हिच्यासारख्या मुलांना हा आजार जड जातो. त्यात हिचं हृदय. तुम्ही कुठे काम करता?"

"धुलाईघरात. मळक्या बाजूला."

डॉक्टरांनी खुर्ची आणखी मागे सरकवली. ते मागे सरकणं मनात घेऊनच गुंडीची आई घरी आली.

आणि तिने तेच केलं जे तिला येत होतं. घरात भिंत घातली.

विटांची नव्हे, नियमांची. दारातली मोरी म्हणजे मधली खोली. तिथे डोक्यावरून पाणी, कपडे बादलीत, मग आत. दाराजवळचा कोपरा ही मळकी बाजू, तिथे तिचं अंथरूण, तिचं ताट. खिडकीजवळचा भाग ही स्वच्छ बाजू, तिथे गुंडी. आणि घरात चोवीस तास मास्क. तिला आणि नवऱ्यालाही, कारण वाणसामान आणायला तोच जायचा. गुंडीच्या तोंडावर मास्क टिकत नव्हता, ती तो ओढून काढायची आणि झाकणांच्या ढिगात लपवायची. म्हणून मोठ्यांनी काढायचा नाही. जेवताना काढला तर भिंतीकडे तोंड करून जेवायचं.

"अगं, झोपेत सुद्धा?" नवरा म्हणाला. "मी घोरतो ते तरी मोकळं घोरू दे."

"मी कामावर गेल्यावर काढाल तुम्ही, मला माहीत आहे."

"नाही काढणार."

"गुंडीची शपथ घ्या."

त्याने घेतली. आणि हा माणूस बडबड्या असला तरी शब्दाचा पक्का होता. एकदाही काढला नाही.

पहिल्या महिन्यात गुंडी रोज सकाळी दप्तर अडकवून दाराशी उभी राहायची. गाडी येत नाही म्हटल्यावर तिथेच बसायची. आई नियमातल्या अंतरावरून सांगायची, "शाळा बंद आहे बाळा. सगळ्यांची बंद आहे." कापडामागून निघालेला आवाज गुंडीच्या अर्ध्या कानात पोचून विरून जायचा. ती आईच्या डोळ्यांकडे बघायची, मग कापडाकडे आणि मग खाली.

दुसऱ्या महिन्यात 'फूल' गेलं. मग 'चेंडू', मग 'गाडी'. आधी कोणाच्या ध्यानातही आलं नाही. घरात फूल नाही, गाडी येत नाही, तर कशाला म्हणेल? रुसली असेल असं त्यांना वाटलं. नवरा म्हणाला, "शाळेवर रुसलीय. उघडली की धबधबा सुरू होईल बघ."

मग 'पाणी' गेलं.

त्या दिवशी आई कामावरून आली तर गुंडी माठाजवळ उभी होती. तोंड कोरडं, ओठ चाटतेय, पण शब्द नाही. हाताने दाखवतेय तेवढंच. "पाणी म्हण गुंडी. पा-णी." आई तीनदा म्हणाली, चारदा म्हणाली. गुंडीने तिच्या मास्ककडे हात केला, तर आई झटकन मागे सरली. गुंडीचा हात तसाच हवेत राहिला.

चौथ्या महिन्यापर्यंत बेचाळीसातले सहा उरले. मग ती दाखवायचीही बंद झाली. भिंतीकडे तोंड करून बसायची, जीभ बाहेर, हनुवटीवरून लाळ. ती लाळ तीन वर्षांच्या मेहनतीने थांबलेली होती. जिन्यात शेजारीण म्हणाली, "अहो, जाऊ द्या. आधी तरी कुठे भाषणं देत होती?" गुंडीची आई आयुष्यात कोणाला उलटून बोलली नव्हती. त्या दिवशीही बोलली नाही. मोरीत जाऊन नेहमीपेक्षा जास्त पाणी अंगावर घेतलं, इतकंच.

ती देवाला विचारायची, मी कुठे चुकतेय? नियम तर एकही मोडला नाही. दार, मोरी, अंतर, मास्क. सगळं डोळ्यांत तेल घालून पाळलं.

पाचव्या महिन्यात सलूनच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने आपला वापरलेला मोठा फोन दिला, कारण शाळेने फोनवरून शिकवणी सुरू केली होती. रविवारी सकाळी तिघं तीन ठिकाणी बसले. गुंडी मध्ये, फोन डब्याला टेकवलेला. पडद्यावर बाई आल्या, त्यांच्या घरातल्या, केस मोकळे, तोंड उघडं.

गुंडी बसल्या जागेवरून उडालीच. फोनला नाक लावलं. एक बोट पुढे केलं आणि काचेवर, बाईंच्या ओठांवर टेकवलं.

"गुंडी! ओळखलंस मला?"

गुंडीचे ओठ हलले. थरथरले. "बा," ती म्हणाली. "बा... ई."

नवऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कित्येक आठवड्यांनी तिचा शब्द ऐकला होता त्याने. बाई हसत म्हणाल्या, "आई-बाबा, या ना पुढे. तुम्हालाही बघू दे मला."

दोघं पुढे झाले. दोन मास्क.

बाईंचं हसू हळूहळू उतरलं. "तुम्ही घरात पण लावता?"

"हो बाई," आई अभिमानानेच म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. एक क्षण सुद्धा नाही काढत. हे सुद्धा नाही काढत. मी धुलाईघरात आहे ना, मला माहीत आहे कसं जपायचं."

"पाच महिने?"

"पाच महिने."

गुंडी काचेवर बोट फिरवत होती.

"आई," बाई म्हणाल्या, "तिने पाच महिन्यांत कोणाचंच तोंड बघितलं नाही?"

तेव्हा तिला कळलं. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. ज्या ओठांकडे बघून गुंडीने एकेक शब्द उचलला होता, ते ओठच घरातून नाहीसे झाले होते, आणि ते तिनेच नेले होते, जपण्याच्या नावाखाली.

"म्हणजे मी..." ती म्हणाली.

"तुम्ही तिला जिवंत ठेवलंत," बाई घाईने म्हणाल्या. "हे विसरू नका." पण 'नाही, तुमच्यामुळे नाही' असं त्या म्हणाल्या नाहीत. खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या त्या.

दुसऱ्या दिवशी गुंडीची आई मुकादमाकडे गेली. "मला स्वच्छ बाजूला घ्या. इस्त्रीला, घडीला, कुठेही."

"आणि मळक्या बाजूला कोण? मी?" मुकादम चिडून बोलला, मग तिच्याकडे बघून नरम झाला. "ताई, चार बायका उरल्यात. तुला हलवलं तर बाकीच्या तिघी उद्या यायच्या नाहीत. काम बंद पडलं तर वॉर्डात चादर नाही. मी काय करू, सांग."

नोकरी सोडावी तर सलूनचं शटर अजून खालीच. घरी मास्क काढावा तर उद्या पिशवीतून जे येईल ते सरळ गुंडीच्या शिवलेल्या हृदयाशी. मास्क ठेवावा तर मूल भिंतीकडे तोंड करून मुकं होत जाणार. धुलाईघराच्या मोरीत उभी राहून तिने तासभर विचार केला, आणि मग तिला दिसलं, की भिंत घरात घातली ही चूक नव्हती, भिंत चुकीच्या जागी घातली. मळकी बाजू घरात नकोच होती.

रुग्णालयाच्या आवारात परिचारिकांची जुनी चाळ होती. घरी जाऊ न शकणाऱ्या बायकांना तिथे खोल्या दिल्या होत्या. संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं.

"वेडी आहेस का? आईवाचून राहील ती?"

"तुम्ही आहात ना. पहिले पंधरा दिवस कुठे जायचं नाही, वाणसामान दाराशी मागवायचं. मग मास्क काढायचा आणि दिवसभर तोंड चालवायचं. नाही तरी तुम्हाला तेवढंच येतं."

तो हसायला गेला आणि त्याला हसू आलं नाही. "किती दिवस?"

"महिना. फार तर दोन. साथ काय कायमची असते?"

ती निघाली तेव्हा दुपार होती, गुंडी झोपली होती. मळक्या बाजूच्या कोपऱ्यातून तिने हात जोडले, देवाला की लेकीला ते तिलाच ठाऊक. पापी घ्यायला पुढे झाली आणि थांबली. नियम नियम होता. एका पिशवीत दोन कपडे आणि तो जुना, बटणांचा फोन घेऊन ती जिना उतरली. मोठा फोन घरी ठेवला, शिकवणीसाठी.

महिन्याचे आठ महिने झाले.

नवऱ्याने काय केलं, तर पंधरा दिवस संपताच सलूनचं शटर तेवढ्यापुरतं वर केलं आणि तिथला मोठा आरसा आणि एक खुर्ची हातगाडीवरून घरी आणली. गुंडीला खुर्चीत बसवायचं, गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळायचं, आणि स्वतः तिच्या शेजारी बसून आरशात बघत बोलायचं. म्हणजे तिला दोन्ही तोंडं दिसायची, त्याचं आणि स्वतःचं. मग त्याला युक्ती सुचली. त्याने ब्रशने दाढीचा फेस केला आणि ओठांच्या भोवती गोल लावला, पांढऱ्याशुभ्र फेसात फक्त ओठ लाल. गुंडी खदखदून हसली. मग तिच्याही ओठांभोवती लावला.

"आज 'पाणी' आलं," त्याने फोनवर सांगितलं. "आणि अगं, एक नवीनच आलं. 'फेस'. बाईंच्या यादीत नव्हतं ते. माझ्या दुकानातलं आहे!"

पलीकडे ती चाळीच्या पायरीवर बसून ऐकत होती. इस्त्रीवाल्या मावशी शेजारीच होत्या, त्यांच्या घरी म्हातारी सासू होती म्हणून त्याही इथेच राहिल्या होत्या. "काय म्हणतेय गुंडी?"

"फेस म्हणाली."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या. "तुम्ही मायलेकी एकाच धंद्यातल्या म्हणायच्या, फेसाच्या."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी ती घरासमोरच्या रस्त्यावर जाऊन उभी राहायची, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. नवरा गुंडीला खिडकीशी आणायचा. पहिल्या रविवारी गुंडीने ओळखलं. खिडकीच्या गजांना धरून असा आकांत केला, की रस्त्यावरचा पोलीस थांबला. त्या संध्याकाळी गुंडी जेवली नाही. दोन दिवस आरशासमोर बसली नाही. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी नवरा फोनवर चाचरत म्हणाला, "एक बोलू का? तू येऊन गेलीस की दोन दिवस तिच्या तोंडाला कुलूप लागतं. जमवलेले चार शब्द जातात. तू सांग, मी काय करू."

"मी येत नाही," ती म्हणाली.

पण जायची. फक्त आता समोर उभी राहत नव्हती. कोपऱ्यावर एक बंद दुकान होतं, त्याच्या पायरीआड थांबायची. दुपारी खिडकीत गुंडी दिसायची, कधी फेस लावलेली, कधी नुसती. ओठ हलताना दिसायचे. काय म्हणतेय ते इतक्या लांबून कळायचं नाही. मग ती परत चादरींकडे.

शब्द येत गेले. दहा, सतरा, तीस. फोनवर रोज नवा आकडा. एकदा तिने विचारलं, इतके दिवस मनात दाबून ठेवलेला प्रश्न. "'आई' म्हणते?"



"नाही येत तो अजून," तो म्हणाला. "कसा शिकवू? 'पाणी' म्हणताना पेला दाखवतो. 'फणी' म्हणताना फणी दाखवतो. 'आई' म्हणताना काय दाखवू? लग्नातला फोटो दाखवला, तर ती फुलांकडे बोट करून 'फूल' म्हणाली."

"बरोबरच आहे," ती म्हणाली. "फुलं होतीच त्यात." आणि फोन ठेवला.

सहाव्या महिन्यात तिलाच साथीने गाठलं. अकरा दिवस ती त्याच वॉर्डात होती जिथल्या पिशव्या ती उघडायची. स्वतःची चादर बदलताना तिने सवयीने सुई शोधली, असं परिचारिका नंतर हसून सांगायची. वाचली. पण अंगावरचं मांस गेलं आणि केस मुठीमुठीने गळायला लागले. कमरेपर्यंतचे केस होते तिचे, नवरा त्यांना कात्री लावू द्यायचा नाही. शेवटी इस्त्रीवाल्या मावशींनी कापड कापायच्या कात्रीने ते मानेवर आखूड केले. "तुझा नवरा मला फाशी देणार," मावशी म्हणाल्या, आणि दोघी रडल्या.

घरी हे काही सांगितलं नाही. फक्त सर्दी आहे म्हणाली.

मग लस आली. पहिली, दुसरी. साथ उतरली, वॉर्ड रिकामे झाले, आणि मुकादमाने स्वतःहून तिला स्वच्छ बाजूला घेतलं. डॉक्टरांना विचारलं, डॉक्टर म्हणाले, आता जायला हरकत नाही.

त्या सकाळी तिने दोनदा अंघोळ केली. चाळीतून घरापर्यंत चालत गेली. जिन्यात थांबून मास्क काढला, घडी करून पिशवीत टाकला. तोंडाला वारा लागला आणि तिला उगीच लाज वाटल्यासारखं झालं.

दार उघडंच होतं. खुर्चीत गुंडी, गळ्याला पांढरं कापड. शेजारी नवरा, हातात ब्रश. उंची वाढली होती पोरीची, दात नवे आले होते. नवऱ्याने आरशातून तिला बघितलं आणि वळला. तिचे केस बघितले, गळ्याची हाडं बघितली. "कोणी कापले हे?" एवढंच तो म्हणाला. "करवतीने?" पण आवाज फुटका होता. तिने नुसता मानेवरून हात फिरवला.

गुंडीनेही मान वळवली. खूप वेळ बघितलं. भीती नव्हती डोळ्यांत, रुसवाही नव्हता. अनोळखी माणूस घरात आला की मूल बघतं, तसं. मग तिने वडिलांकडे तोंड केलं आणि बोट दारातल्या बाईकडे.

"ही कोण?"

ब्रशवरचा फेस जमिनीवर पडला.

नऊ वर्षांत गुंडीने कधी दोन शब्द जोडले नव्हते. बाईंनी किती वर्षं वाट बघितली होती. 'ही' स्वच्छ, 'कोण' स्वच्छ, मधला जोड सुद्धा बरोबर. नवऱ्याला काय करावं कळेना. तो काही बोलायला गेला, तर गुंडीच्या आईने हाताने त्याला थांबवलं.

ती पुढे आली आणि खुर्चीसमोर जमिनीवर बसली, गुडघ्यांवर, म्हणजे तिचं तोंड गुंडीच्या तोंडासमोर येईल. हात स्वतःच्या छातीवर ठेवला. तोंड पूर्ण उघडलं, मग ओठ दोन्ही बाजूंना ताणले, हळू, अगदी हळू.

"आ. ई."

गुंडी ओठांकडे बघत राहिली. शिकणाऱ्या मुलाच्या कपाळावर पडते तशी एक आठी तिच्या कपाळावर पडली. आवाज कुठून निघतो ते बघायला तिने हात पुढे केला आणि तो थेट आईच्या गळ्यावर टेकवला. तेरा महिन्यांनी लेकीचा हात तिच्या अंगाला लागला होता. ती हलली नाही.

"आ. ई," ती पुन्हा म्हणाली, हाताखालून.

"आ... ई," गुंडी म्हणाली.

अगदी बरोबर म्हणाली. नवा धडा पहिल्याच फेरीत जमल्यासारखी खूश झाली आणि वडिलांकडे वळून थांबली. नवा शब्द आला की टाळ्या, असा त्या दोघांचा नियम झाला होता.

वडिलांचे हात उठेनात. तेव्हा मग तिच्या आईनेच टाळ्या वाजवल्या.